मनातल्या मनात मागावयाचे पसायदान





कीर्तन संपते. आरती होते, पसायदान म्हटले जाते, बुक्का लागतो आणि मंडळी उठतात. मग मंडपाच्या दाराशी चपलांची शोधाशोध सुरू होते. गर्दीत कोणाचा पाय कोणाच्या पायावर पडतो. त्या वेळी तोंडातून जो शब्द निघतो तो पसायदानातला नसतो, हे तुम्हांस ठाऊक आहे आणि मलाही ठाऊक आहे. आत्ताच आपण साऱ्या विश्वाचे भले मागितले, आणि विश्वातला पहिलाच माणूस भेटला तो चपलेवरून भांडला! चाळीस वर्षे कीर्तनाची सेवा करताना हे मी पाहत आलो आहे. त्या गर्दीत माझीही चप्पल असते, म्हणून दोष दुसऱ्याला देत नाही.

आजच्या पाठाचा प्रश्न असा : मंडपात मागितलेले दान मंडपाबाहेर किती पावले टिकते? ते घरापर्यंत, वावरापर्यंत, विहिरीपर्यंत, एसटीच्या फलाटापर्यंत नेता येईल काय? नेता येते, असे संतांचे सांगणे आहे, आणि त्याचा उपाय अगदी साधा आहे. रोज डोळ्यांसमोर जे जे येते, मग तो माणूस असो, बैल असो, लिंबाचे झाड असो की पाण्याचा हापसा असो, त्याचे मनातल्या मनात भले मागावे. ओठ हलू नयेत, कोणाला कळू नये. इतकाच आजचा विषय. तो सोपा दिसतो खरा, पण करू गेल्यास कुठे अडतो तेही पुढे सांगणार आहे, कारण मी स्वतः तिथे अडलो होतो.

१. शब्दाचा अर्थ

‘पसाय’ म्हणजे प्रसाद. ज्ञानोबारायांनी शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० साली, नेवाशास गीतेवरील टीका पूर्ण केली. अठरावा अध्याय संपला, ग्रंथ सिद्धीस गेला, आता मजुरी मागण्याची वेळ आली. मजुरी काय मागितली? देवा, मला हे द्या, असे म्हणून जे जे मागितले ते सगळे दुसऱ्यांचे. मागणारा एक, घेणारे सगळे! आणि मागण्याचा क्रम पाहा. सर्वांत आधी सज्जन आठवले नाहीत, खळ आठवले. तेही कसे? खळ नाहीसे व्हावेत असे मागितले नाही. त्यांच्या मनातला वाकडेपणा जावा, सत्कर्माची गोडी वाढावी आणि जीवांचे एकमेकांशी मैत्र जडावे, असे मागितले. ज्या भावंडांना संन्याशाची पोरे म्हणून गावाने दूर लोटले, त्यांतल्या एकाचे हे मागणे आहे. हा क्रम ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता कोणी म्हणेल, “महाराज, आशीर्वाद थोरांनी द्यावा. आम्ही लहान माणसं, आम्ही कोणाला आशीर्वाद द्यायचा?” शंका बरोबर आहे. समाधान असे की आपल्याला द्यावयाचे काहीच नाही. आशीर्वाद देणारा वर बसतो. पसायदान मागणारा हात जोडून खाली उभा असतो. आपण देवाजवळ दुसऱ्याकरिता मागतो, एवढेच. मागायला वय लागत नाही, जात लागत नाही, विद्या लागत नाही. पाच वर्षांचे पोर शेरडाच्या करडाकरिता मागू शकते, आणि त्याचे मागणे माझ्यापेक्षा लवकर पोहोचत असेल.

२. ग्रंथाचा आधार

हे मी पदरचे सांगत नाही. ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणे सांगितली आहेत. त्यांत अहिंसेचे निरूपण माउलींनी इतके विस्ताराने केले आहे की वाचणाऱ्यास वाटावे, आता संपेल, आता संपेल, आणि ते संपू नये. अहिंसा म्हणजे नुसते न मारणे, असे तिथे नाही. अहिंसक माणूस चालतो कसा, बोलतो कसा, पाहतो कसा, हात कसा हलवतो, हे एकेक करून दाखविले आहे. तो पाऊल टाकतो ते खालच्या जिवाला जपून. तो बोलतो तेव्हा शब्दाच्या आधी माया पुढे जाते. त्याचे हात सहसा उगेच असतात. हललेच तर जोडण्याकरिता हलतात, अभय देण्याकरिता हलतात, पीडिताला हलक्या हाताने कुरवाळण्याकरिता हलतात.

आपल्या विषयाला हवे ते याच ठिकाणी, नजरेच्या वर्णनात आहे. चंद्रापासून निघणाऱ्या अमृताच्या धारा कोणाला दिसत नाहीत, पण चकोराचे पोट भरते. तसे ज्याच्याकडे हा पुरुष पाहतो त्याचे बरे होते. ते कोणाला दिसत नाही, आणि सांगावेही लागत नाही. कासवीची नजरदेखील या नजरेपुढे फिकी, असे माउली म्हणतात.

कासवीचा दृष्टांत वारकऱ्यास नवा नाही. देवळाच्या सभामंडपात फरशीवर कोरलेले कासव आपण नित्य पाहतो. कासवी पिलांना दूध पाजत नाही, नुसत्या प्रेमाच्या नजरेने पोसते, अशी जुनी समजूत आहे. प्राणिशास्त्र सांगते की कासवी वाळूत अंडी पुरून निघून जाते. असेना. दृष्टांताचे काम अर्थ पोहोचविणे हे आहे. तो अर्थ असा की पाहणे हीसुद्धा एक कृती आहे, आणि ती पोसणारी असू शकते.

शेवटी माउली मुळाशी येतात. भुईत जे बी पेरावे त्याचेच वर झाड होते, तसे मनात जे असेल तेच डोळ्यांतून, वाणीतून, हातांतून फुटते. म्हणून नजर सुधारावयाची तर मनात पेरणी करावी लागते. मनातल्या मनात भले मागणे ही ती पेरणी.

पाठशाळेत आम्ही पातंजल योगसूत्रे शिकलो. तिथे समाधिपादात चित्त प्रसन्न होण्याचा उपाय सांगितला आहे : सुखी माणसाविषयी मैत्री, दुःखी माणसाविषयी करुणा, पुण्यवंताविषयी मुदिता म्हणजे आनंद, आणि अपुण्यवंताविषयी उपेक्षा. बौद्ध परंपरेत याच चार भावनांना ब्रह्मविहार म्हणतात, आणि सर्व प्राणिमात्र सुखी असोत ही मैत्रीभावना त्यांचे उपासकही मनात धरतात. गीतेच्या बाराव्या अध्यायात भक्ताचे वर्णन सुरू होते तेही द्वेष नसणे, मैत्री आणि करुणा यांपासून. वाटा निराळ्या असतील, पण शहाण्यांनी पेरणीचे बी एकच ओळखले आहे.

३. पाय कुठे ठेवशील?

आमचे पुसेगाव सेनगाव तालुक्यात, हिंगोली जिल्ह्यात. याच जिल्ह्यात कयाधूच्या काठी नरसी आहे. नामदेवरायांचे ते जन्मस्थान अशी परंपरा आहे. याच जिल्ह्यात औंढा नागनाथ आहे. नामदेवराय विसोबा खेचरांना शरण गेले ती कथा औंढ्याची म्हणून आम्ही सांगतो. तुम्ही ती शंभर वेळा ऐकली असेल. विसोबा पिंडीवर पाय ठेवून पडलेले. नामदेव म्हणाले, हे काय करता? विसोबा म्हणाले, बाबा, मी म्हातारा झालो, जिथे देव नाही तिथे माझे पाय उचलून ठेव. आणि जिथे जिथे पाय ठेवावे तिथे तिथे पिंड!

या कथेचा चमत्कार सांगून आम्ही कीर्तनकार पुढे जातो. पण हिच्यात रोजचा धडा आहे. पाय ठेवायला देवाविना जागाच नसेल, तर सकाळी अंथरुणातून पहिले पाऊल जमिनीवर पडते ते कशावर पडते? आपल्या वाडवडिलांनी याचे उत्तर आचारात घालून ठेविले आहे. उठल्यावर भुईला हात लावून, पाय लावल्याबद्दल तिची क्षमा मागावयाची. म्हणजे दिवसाचा पहिला व्यवहार कोणाशी? ज्या जमिनीला आपण एरवी तुडवितो तिच्याशी.

तोच नामदेव पुढे कुत्रा भाकरी घेऊन पळाला तर तुपाची वाटी घेऊन मागे धावतो, अशी कथा आहे. देवळाबाहेर त्याचा देव त्याला भेटू लागला याची ती खूण. तोच नामदेव पंजाबपर्यंत गेला. घुमान येथे त्याचे स्थान आहे, शीख बांधवांच्या गुरू ग्रंथसाहिबात त्याची ६१ पदे आहेत, आणि म्हणून नरसीला आज पंजाबचेही भाविक येतात. सगळीकडे पिंड दिसू लागल्यावर पंढरी आणि पंजाब यांत अंतर कुठले?

४. दृष्ट लागते, तर…

आपल्याकडे एक समजूत घरोघर आहे. दृष्ट लागते. लेकराच्या गालाला काळी तीट लावतात, नव्या ट्रॅक्टरला लिंबू-मिरची बांधतात, वावरात मडके उलटे टांगतात. कोणी पिकाकडे जरा वेळ पाहिले की धनी म्हणतो, नजर लावू नका.

मी विचारतो, वाईट नजरेची एवढी धास्ती, तर चांगल्या नजरेवर विश्वास का नाही? नजरेने पीक वाळत नाही, हे मी जाणतो. ते पाण्याने, किडीने, रोगाने वाळते. पण दुसऱ्याचे हिरवे वावर पाहून जळणाऱ्याचे मन मात्र खरोखर वाळते. आणि दुसऱ्याचे हिरवे वावर पाहून ‘विठ्ठला, हे असंच हिरवं राहू दे’ असे मनात म्हणणाऱ्याचे मन ओले राहते. योगशास्त्रात जिला मुदिता म्हणतात ती हीच. करुणा सोपी आहे हो. पडलेल्या माणसाची कीव कोणालाही येते. चढलेल्या माणसाचे भले मागणे कठीण.

आपली मराठी भाषा या बाबतीत आपल्यापेक्षा शहाणी आहे. दुकान बंद केले असे म्हणत नाहीत, वाढवले म्हणतात. नारळ फोडला म्हणत नाहीत, वाढवला म्हणतात. बांगडी फुटली तरी वाढवली. घरातून निघताना ‘जातो’ न म्हणता ‘येतो’. खळ्यावर रास मोजताना जुनी माणसे पहिल्या मापाला ‘एक’ म्हणत नसत, ‘लाभ’ म्हणत. म्हणजे धान्य मोजण्याआधी शुभ मोजले! हे पूर्वजांनी जिभेला लावलेले वळण आहे. आज रास मोजायला यंत्रे आली, ‘लाभ’ म्हणणारा माणूस कमी झाला. वळण जिभेवरून जाऊ लागले तर ते मनात तरी धरून ठेवावे.

५. माझे अडणे

आता स्वतःचे सांगतो. सांगायला लाज वाटते, पण न सांगता हा पाठ खोटा होईल.

माझ्या चुलतभावाचे आणि माझे वावर लागून आहे. मधल्या बांधावरून आमचे फाटले. तो म्हणे तू बांध कोरलास, मी म्हणे तू कोरलास. आठ-नऊ वर्षे बोलणे बंद. गावातून वावराकडे जायची जवळची वाट त्याच्या वावराच्या कडेने जाते. मी ती वाट सोडली आणि लांबच्या वाटेने जाऊ लागलो. लोक विचारीत तेव्हा म्हणत असे, तेवढंच चालणं होतं.

मनात भले मागण्याचा नेम माझ्या पाठशाळेतल्या गुरुजींनी लावलेला. तो मी त्या वर्षांतही पाळीत होतो. लिंबाच्या झाडापाशी मागे, मारुतीच्या पारापाशी मागे, शाळेत जाणाऱ्या लेकरांकरिता मागे. वाटे, आपला नेम चांगला चालला आहे. फक्त एका वावराकडे पाहायचे नाही, एवढे पथ्य मी आपोआप सांभाळीत होतो. आणि रात्री कीर्तनात मैत्रावर बोलताना माझा गळा दाटून येत असे! लोकांना वाटे, काय भाव आहे महाराजांचा.

त्या जवळच्या वाटेवर गावाच्या शेवटी एक वृद्ध मावशी एकट्या राहत. पूर्वी मी रोज सकाळी त्यांच्या दारावरून जात असे. रामकृष्ण हरी होत असे, चुलीचा धूर दिसत असे. वाट बदलल्यावर ते थांबले. एकदा आषाढीच्या आधी त्या देवळात भेटल्या. काठी टेकीत माझ्याजवळ आल्या आणि म्हणाल्या, “महाराज, तुमी आता हिकडून येत नाही व्हय? मागं तीन दिस मी तापानं पडून होते. पाणी द्यायला कोणी नव्हतं. म्हणलं महाराज सकाळी जातील तवा आवाज देईन. तीनही दिस कान लावून पडले होते. तुमी काही आले नाही.”

त्यांनी रागाने म्हटले नाही. साधे विचारले. मी काय उत्तर देणार? बांधाचे भांडण माझे आणि भावाचे. तीन दिवस तहान कोणी सोसली?

भाविकहो, त्या दिवशी मला कळले की आपण एका माणसाकडे पाहणे बंद करतो तेव्हा फक्त तेवढेच बंद होत नाही. ती सगळी वाट बंद होते, आणि त्या वाटेवर राहणारे सगळे आपल्या नजरेबाहेर जातात. माझ्या नेमात सगळे गाव होते असे मी समजत होतो. त्यात होते फक्त मला आवडणारे गाव.

दुसऱ्या दिवसापासून मी जवळच्या वाटेने निघालो. भावाच्या वावरापाशी आलो आणि मनात शब्दच उमटेना. विठ्ठल म्हटले, पुढे काही येईना. तिथेच उभा राहिलो. पलीकडे त्याचे बैल चरत होते. बैलांनी माझे काय केले होते? म्हटले, विठ्ठला, या बैलांच्या खांद्याला फोड येऊ देऊ नको. त्या दिवशी तेवढेच. काही दिवसांनी त्याच्या हळदीकरिता मागता आले. हळद नऊ महिने जमिनीत राहते, नऊ महिने माणसाचा जीव टांगणीला असतो, हे मला माझ्या हळदीवरून ठाऊक होते. मग त्याच्या नातवाकरिता मागता आले. त्याच्या स्वतःकरिता मागायला मला दसरा उजाडला. माउलींनी जे पहिल्यांदा मागितले, तिथे पोहोचायला मला चार महिने लागले.

त्यानंतर आम्ही सरकारी मोजणी आणली. मोजणीत काय निघाले म्हणता? बांध दीड हात सरकला होता, आणि तो माझ्या बाजूने त्याच्या वावरात सरकला होता. माझ्या वडिलांच्या वेळेस सरकला की माझ्या गड्याच्या नांगराने सरकला, देव जाणे. मी दीड हात सोडला. भाऊ काही बोलला नाही. आजही बोलणे मोजकेच होते. मी कोणाला चमत्कार सांगत नाही. पण मी आता जवळच्या वाटेने जातो, आणि मावशी होत्या तोवर त्यांच्या दाराशी थांबून जात असे.

६. आणखी दोन शंका

पहिली शंका : “नामस्मरण सोडून हे नवे कशाला?” हे नामाहून वेगळे नाही. यात वेगळा मंत्र नाही, माळ नाही, आसन नाही. नाम घेतच आहात, ते घेताना डोळे समोरच्याकडे वळवा आणि नाम त्याच्याकरिता घ्या, एवढेच. वारकरी एकमेकांच्या पाया पडतात, लहान-थोर सगळ्यांना माउली म्हणतात, ते काय आहे? तेच हे. वारीत उघड करतो ते घरी मनात करावयाचे.

दुसरी शंका अधिक कठीण आहे, आणि ती एका शेतकऱ्याने मला विचारली. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात अतिवृष्टी झाली. उभी पिके पाण्यात गेली, कुठे जमीनच खरवडून गेली. तो म्हणाला, “महाराज, सोयाबीन पाण्यात सडलं. आता तुमी मनात माझं भलं मागून माझ्या पोटात काय पडणार हाये?”

मी त्याला म्हटले, काही पडणार नाही. खरे आहे ते. नुसत्या मागण्याने सोयाबीन उगवत नाही, कर्ज फिटत नाही. जो कीर्तनकार तसे सांगेल त्याचे ऐकू नका. पण एक विचार करा. आपल्या मराठवाड्यात कितीतरी घरे अशी उजाडली की कर्ता माणूस गळफास घेऊन गेला, आणि मागाहून शेजारी म्हणाले, काल तर पारावर बसला होता, काही वाटलं नाही हो. काल तो पारावर बसला होता, तेव्हा त्याच्याकडे कोणी पाहिले होते काय? रोज ज्याचे भले मागतो त्याचा चेहरा उतरला तर तो लगेच ध्यानात येतो. ज्या चुलीचे भले मागतो तिचा धूर एक दिवस दिसला नाही तर पाय तिथे थांबतात. मागण्याचे हेच फळ. ते आपले डोळे उघडे ठेवते, आणि डोळे उघडे असले की हाताला काम सापडते.

आणि हात हललाच पाहिजे. हात न हलविता नुसते मनात भले मागणे हा आळशाचा परमार्थ होईल. गाडगेबाबांकडे पाहा. गावात आले की दिवसा खराटा घेऊन गाव झाडीत आणि रात्री कीर्तनात माणसांची मने झाडीत. त्यांनी गावाचे भले मागितले ते खराट्याने.

महाद्वारी नामदेवपायरीसमोर चोखोबांची समाधी आहे. शतकानुशतके वारकरी तिथे माथा टेकवीत आत गेले, आणि चोखोबांचे भाऊबंद मात्र बाहेरच उभे राहिले. मे १९४७ मध्ये सानेगुरुजींनी पंढरपुरात प्राणांतिक उपोषण केले तेव्हा कुठे मंदिराचे दार त्यांना उघडले. मनात सर्वांचे भले मागत असता दार बंद ठेवता येते, हे आपल्या संप्रदायाने स्वतःच्या इतिहासात पाहिले आहे. म्हणून सावध राहावे.

७. अभ्यास

आता प्रत्यक्ष काय करावयाचे ते सांगतो. सगळे एकदम धरू नका. पहिल्या महिन्यात तीनच जागा धरा.

उठताना : भुईला हात लावा. हिच्यावर आज जे चालतील त्यांना ही सुखाची होवो.

पाणी पिताना : पहिला घोट घेण्याआधी क्षणभर थांबा. नळाचे असेल तर ज्याने मोटार चालू केली तो आठवा, हापशाचे असेल तर ज्याने तो बसविला तो आठवा. आपल्या भागात उन्हाळ्यात पाण्याकरिता किती पायपीट होते ते आयाबहिणींना विचारा. सगळ्यांच्या हंड्यात पाणी पडो.

भाकरीपाशी : ताटाभोवती चित्राहुती घालण्याचा आचार होता, त्यातला भाव असा की आपल्याआधी कोणीतरी जेवावे. भाकरी मोडण्याआधी खुरपणाऱ्या बाया, पेरणारा, दळणारा, थापणारी, एवढ्यांची तोंडे डोळ्यांपुढून जाऊ द्यावीत. यांच्या घरी आज चूल पेटो.

पुढल्या महिन्यात वाट धरा. झाड, ओढा, शाळा, दवाखाना, एसटी. एसटीत बसल्यावर जागेकरिता भांडून झाले असेल तर चालकाकरिता एकदा मागा. आपला सगळ्यांचा जीव त्याच्या हातात आहे. रस्ता झाडणाऱ्या, गटार काढणाऱ्या माणसाकडे आपण पाहत नाही. त्याच्याकडे मुद्दाम पाहा.

नेम असे :

पहिला, हे मनातच ठेवावे. सांगितले की त्याची फुशारकी होते.

दुसरा, नेमके मागावे. ‘सगळ्यांचे भले होवो’ हे म्हणायला सोपे, कारण त्यात कोणाचेच तोंड दिसत नाही. एका वेळी एकच वस्तू, एकच जीव डोळ्यांपुढे घ्यावा, आणि त्याला काय हवे ते ओळखून मागावे. बैलाला खांदा बरा हवा, झाडाला कुऱ्हाड लांब हवी.

तिसरा, त्यात आपला स्वार्थ मिसळू नये. ‘सावकाराला सुबुद्धी दे म्हणजे तो माझे व्याज सोडील’ हे पसायदान नव्हे, तो अर्ज झाला.

चौथा, जिथे मन अडेल तिथून पळू नये. तीच आपल्या अभ्यासाची खरी जागा. माणसाकरिता मागता येत नसेल तर त्याच्या बैलाकरिता मागा, झाडाकरिता मागा, आणि तिथून आत शिरा.

पाचवा, ज्याच्याकरिता मागितले त्याला आपल्या हाताने काही देता येत असेल तर त्याच दिवशी द्यावे. पाण्याचा तांब्या असो, दोन शब्द असोत, नाहीतर दीड हात बांध असो.

वारीला जाणाऱ्यांना एक अधिक सांगणे. शेगावच्या गजानन महाराजांची पालखी आमच्या जिल्ह्यातून पंढरीला जाते. वाटेवरची गावे वारकऱ्यांना पाणी देतात, भाकरी देतात, झोपायला अंगण देतात. सकाळी मुक्काम हलवताना आपण पुढल्या गावाकडे तोंड करून चालू लागतो. या वर्षी एक करा. निघण्यापूर्वी वळून रात्री झोपलो त्या जागेकडे पाहा. पत्रावळी, कागद, प्लास्टिकच्या बाटल्या पडल्या असतील त्या उचला. मग हात जोडा आणि मनात म्हणा, या अंगणात धान्य वाळो, लेकरे खेळोत. कचरा टाकून दिलेला आशीर्वाद कोणत्या देवाला पटेल?

उपसंहार

माझ्या गुरुजींना जाऊन पुष्कळ वर्षे झाली. पाठशाळेतून नदीवर स्नानाला जाताना ते मध्येच थांबत आणि पुन्हा चालू लागत. आम्हा पोरांना वाटे, म्हातारपणाने दम लागतो. एकदा मी विचारले, तेव्हा म्हणाले, “अरे, वाटेत एवढे भेटतात. रिकाम्या हाताने कसं पुढं जायचं?” त्या वेळी मला अर्थ कळला नाही. वाटेत तर कोणीच नव्हते. एक बाभूळ होती, धुणे धुणाऱ्या दोन बाया होत्या, बांधलेली म्हैस होती. आता वाटते, त्यांच्या लेखी ती वाट भरलेली होती.

आज हे वाचून झाल्यावर मासिक मिटाल, उठाल, दाराबाहेर जाल. उंबरठ्याबाहेर जे पहिले दिसेल त्याच्यापासून सुरुवात करा. आणि शेजारचे दार बरेच दिवसांत वाजविले नसेल, तर तेही एकदा वाजवा.

रामकृष्ण हरी.